प्रश्न मुलीच्या जिवाचा, वाद गर्भाधानाचा : धर्माचा मुद्दा आला की मूळ विषय कुठे जातो?

उत्तरायण

एखाद्या प्रश्नाचा धर्माशी दुरून जरी संबंध असला, तरी त्या प्रश्नावरची चर्चा बघता बघता धर्मावरची चर्चा होते आणि मूळ प्रश्न ज्या माणसाचा होता तो माणूसच तिच्यातून नाहीसा होतो, असे माझे निरीक्षण आहे. हे आजचेच आहे असेही नाही. मला यासाठी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याइतके बोलके उदाहरण दुसरे सापडलेले नाही.

१८९० मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात एक खटला चालला. फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी तिच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या पतीच्या संभोगामुळे मरण पावली होती. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीशी संभोगासाठी तिच्या वयाची मर्यादा दहा वर्षांची होती आणि फुलमणीचे वय त्याहून थोडे अधिक होते, म्हणून पतीवर बलात्काराचा गुन्हा लागूच होऊ शकला नाही. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढेच. त्यानंतर ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी ही मर्यादा दहावरून बारावर नेण्याचे विधेयक मांडले आणि १९ मार्चला ते संमत झाले.

वास्तविक प्रश्न इतकाच होता, की दहा वर्षांच्या मुलीचे शरीर हे सोसू शकते का आणि सोसू शकत नसेल तर कायद्याने तिला संरक्षण द्यावे की नाही. परंतु मधल्या अडीच महिन्यांत बंगालमध्ये आणि आपल्याकडे पुण्यात जो वाद पेटला, तो बहुतांशी वेगळ्याच गोष्टीवर होता. प्रथम ऋतुदर्शनानंतर ठरावीक दिवसांत गर्भाधान संस्कार, म्हणजे पतीपत्नीच्या पहिल्या समागमाचा विधी, केलाच पाहिजे का, न केल्यास पातक लागते का, बंगालचे धर्मशास्त्रकार रघुनंदन यांचे मत महाराष्ट्राला लागू होते का, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हस्तक्षेप न करण्याचे जे वचन दिले ते या कायद्याने मोडते का, हेच मुद्दे सर्वत्र घुमत राहिले. या साऱ्यात फुलमणीचे नाव क्वचितच ऐकू येते.

सदस्यांना माझा प्रश्न असा आहे : समोरच्याने धर्म मध्ये आणला, तर शास्त्राला शास्त्राने उत्तर द्यावे, की "हा विषयच नव्हे" असे म्हणून मूळ प्रश्नावर अडून बसावे? त्या काळी रामकृष्णपंत भांडारकरांनी पहिला मार्ग घेतला आणि गोपाळ गणेश आगरकरांनी दुसरा. यातला कोणता योग्य होता असे आपणांस वाटते?

घाटमाथा

माझे मत निःसंशय भांडारकरांच्या बाजूने आहे. ज्यांचे मन वळवायचे आहे ते लोक ज्या प्रमाणांवर विश्वास ठेवतात, ती प्रमाणेच नाकारून त्यांच्याशी बोलणे म्हणजे बोलणे नव्हे. विधवाविवाहाच्या बाबतीत ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतला "नष्टे मृते प्रव्रजिते" हा श्लोक पुढे आणला, त्याच्या बळावर चळवळ उभी केली आणि १८५६ चा कायदा करून घेतला. त्यांनी केवळ करुणेचा आणि न्यायाचा दाखला दिला असता, तर त्यांना कोणी दारातही उभे केले नसते. भांडारकरांनीही तेच केले. गर्भाधान पुढे ढकलता येते, हे त्यांनी धर्मग्रंथांतूनच दाखवून दिले. विषय धर्मात गेलाच होता, तो तिथूनच परत आणणे भाग होते.

शब्दवेडी

घाटमाथा यांच्या उदाहरणातच त्याचे उत्तर दडलेले आहे. १८५६ चा कायदा झाला खरा, पण त्यानंतरच्या कित्येक दशकांत प्रत्यक्षात विधवाविवाह फार थोडे झाले आणि ज्यांनी केले त्यांच्यावर बहिष्कार पडले. श्लोक सापडल्याने समाज बदलत असता, तर महर्षी कर्व्यांना १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केल्यावर मुरूडला वाळीत पडावे लागले नसते.

दुसरे असे, की शास्त्राचा आधार घेऊन जिंकणाऱ्याला पुढच्या वेळी तोच आधार विरोधात गेला तर तोंड बंद ठेवावे लागते. आगरकरांना ही अडचण स्पष्ट दिसत होती. प्रथा वाईट असेल तर शास्त्रात तिला आधार असला तरी ती वाईटच आणि नसला तरी वाईटच, अशी त्यांची भूमिका होती. ती पचायला जड होती, म्हणून तर पुण्यात लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली.

तिरकस

विषय कसा भरकटतो याचे याहून चांगले उदाहरण संमतिवयाच्या विधेयकाच्या तीनच महिने आधी पुण्यातच घडले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झाले, नंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला तोंडाला लावला, कोणी ठेवून दिला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुढे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली, रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारकांतच फूट पडली.

आता या धाग्यावरील विद्वानांनी मला एवढेच सांगावे, की त्या दिवशीचे व्याख्यान कोणत्या विषयावर होते?

शब्दवेडी

तिरकस, हा प्रश्न ऐकून मी खरोखर दोन पुस्तके उघडली. दोन्हींत चहाचे सविस्तर वर्णन आहे आणि व्याख्यानावर एक वाक्य आहे.

पैलतीर

मला मूळ लेखाची मांडणी एकांगी वाटते आणि ते सांगणे आवश्यक आहे. पुण्यात या विधेयकाला विरोध करणाऱ्यांचे पुढारी टिळक होते. त्यांचा विरोध हा "विषयांतर" होता, असे म्हणताना त्यांची पूर्ण भूमिका लक्षात घेतली पाहिजे. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांसमोर स्वतःच काही कलमे ठेवली होती : मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, करायचेच असेल तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी ही बंधने आधी स्वतःवर लादून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे विधेयकात बाराची मर्यादा होती आणि टिळक सोळाची मागत होते. त्यांचा आक्षेप परकीय सरकारने हे कायद्याने करण्याला होता. आपल्या घरातला निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न गौण नाही. पारतंत्र्यातल्या समाजासाठी तो कदाचित पहिला प्रश्न होता.

शिवाय, "हे विषयांतर आहे" असे म्हणणारा स्वतःच ठरवतो की विषय काय आहे. हा अधिकार त्याला कोणी दिला?

उत्तरायण

पैलतीर, आपला शेवटचा प्रश्न अत्यंत योग्य आहे आणि अधिकाराचा मुद्दा खरा होता हेही मला मान्य आहे. पण त्यावर माझी एक शंका आहे. आक्षेप परकीय सत्तेच्या अधिकाराला असेल, तर धर्मग्रंथ काय म्हणतात याने त्यात काहीच फरक पडत नाही. गर्भाधान पुढे ढकलता येते असे सिद्ध झाले, तरी सरकार परकीय ते परकीयच राहते. मग भांडारकरांनी लावलेले संस्कृत वचनांचे अर्थ खोडून काढण्यासाठी लेखांमागून लेख कशासाठी लिहिले गेले? ज्या मुद्द्यावर आपण ठाम आहोत तो सोडून ज्यावर लोक चटकन पेटतात तो मुद्दा हातात घेतला गेला, असे मला वाटते. मी विषयांतर म्हणतो ते याला.

पैलतीर

लोक ज्या भाषेत राग व्यक्त करू शकत होते त्याच भाषेत नेता बोलणार. राजकीय हक्काची भाषा १८९१ मध्ये सामान्य माणसाच्या तोंडी अजून बसायची होती. घाटमाथा जे भांडारकरांच्या बचावासाठी म्हणाले, तेच मी टिळकांच्या बचावासाठी म्हणत आहे.

घाटमाथा

तर्काने मला हे मान्य करावे लागते आहे, याचे दुःख होते.

वकिलीण

याच काळातल्या रखमाबाईंच्या खटल्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. माझ्या मते धर्माचा वाद मूळ गोष्टीवर कसा पडदा टाकतो ते तिथे अधिक स्वच्छ दिसते.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या कधीही सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्क पुन्हा मिळावेत म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यावर अपील झाले, दावा पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जाण्याचा, न गेल्यास सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

त्या वेळी हिंदू धर्म धोक्यात आल्याची ओरड झाली आणि केसरीनेही रखमाबाईंवर कठोर टीका केली. गंमत अशी, की न नांदणाऱ्या पत्नीला न्यायालयाने जबरदस्तीने पतीकडे पाठवावे आणि न गेल्यास तुरुंगात टाकावे, हा उपाय मुळात धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून आलेला दावा होता आणि पिन्हे यांनी १८८५ च्या निकालात नेमके हेच म्हटले होते. ज्याला धर्म म्हणून लोक हिरिरीने राखत होते, ती इंग्लंडच्या चर्चची देणगी होती.

ती देणगी अजून आपल्या घरात आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ वैवाहिक हक्क पुन्हा मिळवण्याच्या याच दाव्याचे आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले होते, परंतु पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवले. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी बहुतेकांना ते संस्कृतीरक्षणाचे कलम वाटते. मी त्यांना हा इतिहास सांगत नाही, कारण सांगितला तर तारीख राहते बाजूला आणि वाद सुरू होतो.

मिरजकर

वकिलीण यांचा प्रतिसाद वाचून या धाग्याचे सार्थक झाले असे वाटले. मात्र सर्व उदाहरणे एकोणिसाव्या शतकातलीच येत आहेत, म्हणून एक अलीकडचे देतो. मी जहाजवाहतुकीच्या व्यवसायात काही काळ होतो आणि सेतुसमुद्रम प्रकल्पाची चर्चा त्या व्यवसायातून पाहिली आहे.

२ जुलै २००५ रोजी मदुराईला या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या उथळ समुद्रात गाळ उपसून सुमारे १६७ किलोमीटर लांबीचा आणि १२ मीटर खोलीचा जलमार्ग करायचा आणि जहाजांचा श्रीलंकेला पडणारा वळसा वाचवायचा, ही मूळ कल्पना. आमच्या लोकांना पडलेले प्रश्न साधे होते. या मार्गातून साधारण तीस हजार टनांपर्यंतचीच जहाजे जाणार असतील, तर दिवसेंदिवस मोठी होत चाललेली जहाजे काय करणार? उथळ मार्गात वेग कमी ठेवावा लागतो, वाटाड्या घ्यावा लागतो, शुल्क भरावे लागते. हे सर्व वजा जाता तुतिकोरिनहून चेन्नईला जाणाऱ्याचा फायदा होईल, पण युरोपातून किंवा आफ्रिकेतून येणाऱ्याचे किती तास वाचतील? उपसलेला गाळ पुन्हा भरला की दरवर्षी उपसण्याचा खर्च कोणाचा? मन्नारच्या आखातातील प्रवाळांचे आणि तिथल्या मच्छीमारांचे काय?

२००७ च्या सप्टेंबरात पुरातत्त्व खात्याच्या प्रतिज्ञापत्रावरून, हा जलमार्ग जिथून जाणार होता त्या रामसेतूचा वाद पेटला. ते प्रतिज्ञापत्र मागे घेतले गेले. तिकडून तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी राम कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला असे विचारले. त्या दिवसापासून गाळ, शुल्क आणि प्रवाळ हे शब्द वर्तमानपत्रांतून जणू हद्दपार झाले. पर्यायी मार्ग तपासण्यासाठी नेमलेल्या पचौरी समितीने तोही मार्ग आर्थिक आणि पर्यावरणीय दृष्टीने योग्य नसल्याचे नंतर सांगितले, पण तोवर ते ऐकायला कोणी उरले नव्हते.

यातून मला एक गोष्ट दिसली, जी या धाग्यात अजून आलेली नाही. धर्माचा मुद्दा भाविकच आणतो असे नाही. भाविकाची खिल्ली उडवणारा माणूस तेच काम अधिक वेगाने करतो. प्रकल्पाच्या खर्चावर अडचणीचे प्रश्न विचारले जाऊ नयेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यासाठी रामावरचा वाद ही मोठीच सोय होती.

रानवारा

मिरजकरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्णपणे सहमत. अनेकदा श्रद्धाळू माणूस साधे बोलत असतो आणि त्याला चिडवून वादात खेचणारा मात्र स्वतःला विवेकी म्हणवत असतो.

याच्या उलट प्रकारही असतो. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी गोवधबंदीचा विषय आला तेव्हा पंडित ठाकूरदास भार्गव यांनी तो शेती आणि पशुसंवर्धनाच्या भाषेत मांडला. आजचे अनुच्छेद ४८ वाचले तर त्यात धर्माचा शब्दही सापडत नाही. त्या वेळी झेड. एच. लारी आणि सय्यद मुहम्मद सादुल्ला या सदस्यांनी साधारण असे सुचवले, की ही धार्मिक भावना असेल तर तसे स्पष्ट सांगा, आम्ही त्या दृष्टीने विचार करू. पण आर्थिक कारणांचा पडदा नको. म्हणजे इथे धर्माने विषय भरकटवला नाही, तर धर्माचाच विषय दुसऱ्या नावाने चालवला गेला. उत्तरायण यांच्या कसोटीने याला काय म्हणायचे?

तिरकस

संविधान सभेचा विषय निघालाच आहे, तर १७ ऑक्टोबर १९४९ चा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. त्यावर आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले, आम्ही शाक्त लोक देवीला मानतो, तिला वगळून चालणार नाही. पंडित कुंझरूंनी विरोध केला. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी होते. मतदान झाले, ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली आणि सभा पुढच्या कामाला लागली. इतक्या सर्वांना जमवून ईश्वराचा प्रश्न एका बैठकीत निकालात काढणारी दुसरी सभा माझ्या माहितीत नाही. आमच्या सोसायटीत वर्गणीचा प्रश्न तीन सभांपासून प्रलंबित आहे.

उत्तरायण

रानवारा, आपले उदाहरण माझ्या कसोटीत बसत नाही आणि म्हणूनच ते मोलाचे आहे. लारी आणि सादुल्ला यांनी जे मागितले ते विषयाचे खरे नाव होते. १८९१ मध्येही कोणी तरी असेच विचारायला हवे होते, की आपण नक्की कशावर बोलत आहोत : परकीय सत्तेच्या अधिकारावर, संस्कारावर, की त्या मुलीवर? तिन्ही विषय बोलण्यासारखेच होते. ते एकमेकांत कालवले गेले आणि ज्याला आवाज नव्हता तो तळाशी गेला.

विस्मृती

१८९१ मध्ये मुलींच्या बाजूने कोणी बोललेच नाही, असा समज होऊ नये म्हणून लिहितो. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयला निवेदन पाठवले होते आणि त्यात अशा कोवळ्या पत्नींच्या प्रत्यक्ष पाहिलेल्या इजांची आणि मृत्यूंची प्रकरणे एकामागून एक दिली होती. म्हणजे पुरावा समोर होता. पुण्यामुंबईच्या वादात तो कोणी फारसा हातात घेतला नाही, कारण त्याला उलट उत्तर देता येत नव्हते आणि वचनांना देता येत होते.

याच प्रश्नाचा पुढचा अंक मात्र आपल्या एका मराठी माणसाने वेगळ्या रीतीने चालवला. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये संमतिवय समिती नेमली गेली. या समितीने देशभर फिरून डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि स्त्रियांच्या साक्षी घेतल्या. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य होत्या. १८९१ चा कायदा, आणि १९२५ मध्ये विवाहितेसाठी ती मर्यादा तेरावर नेणारी दुरुस्तीही, लोकांना माहीतच नाही आणि बंद दाराआडच्या गुन्ह्याचा तपास होत नाही, हे तिच्यापुढे आले. तेव्हा नुसते संमतीचे वय वाढवण्यापेक्षा लग्नाचेच किमान वय ठरवावे, असा तिचा कल झाला. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला, मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षे.

त्या वेळीही धर्माचा मुद्दा आलाच, आणि दोन्हींकडून आला. सनातनी हिंदूंनी विरोध केला तसाच उलेमांनीही आम्हाला यातून वगळा असा आग्रह धरला. पण आता प्रसूतीत मेलेल्या, क्षयाने खंगलेल्या मुलींबद्दलच्या साक्षीच छापील स्वरूपात टेबलावर होत्या.

पैलतीर

विस्मृती यांनी दिलेले उदाहरण माझ्या आक्षेपाची परीक्षाच घेते, म्हणून ते टाळून चालणार नाही. सारडा विधेयक सरकारने आणलेले नव्हते. हरबिलास सारडा हे निवडून आलेले हिंदी सदस्य होते. जिनांसारख्या मुस्लिम सदस्यानेही त्याला पाठिंबा दिला होता. म्हणजे "परकीयांनी आमच्या घरात लक्ष घालू नये" हा आक्षेप त्या वेळी बराचसा गळून पडला होता. तरीही धर्माच्या नावाने विरोध तसाच झाला. यावरून १८९१ चा सगळा विरोध केवळ अधिकाराच्या प्रश्नावर होता असे मला म्हणता येणार नाही. मात्र कायदा आपल्या माणसाने आणल्यावर त्याला आपल्याच लोकांचा पाठिंबा मिळाला, हेही तितकेच खरे आहे आणि माझा तो मुद्दा मी सोडत नाही.

घाटमाथा

भांडारकर की आगरकर, याचे उत्तर मोरोपंत जोशी असे निघेल याची मला कल्पना नव्हती. अर्थात भांडारकरांनी गर्भाधानाची सक्ती अगोदरच खिळखिळी केली नसती, तर १९२८ च्या समितीपुढे साक्ष द्यायला किती शास्त्री आले असते, हा प्रश्न मी राखून ठेवतो.

उत्तरायण

तो प्रश्न राखून ठेवावाच, कारण माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

वकिलीण यांना एक विनंती आहे. रखमाबाईंनी १८८५ मध्ये "एक हिंदू स्त्री" या नावाने टाइम्स ऑफ इंडियात जी पत्रे लिहिली, त्यांवर आपण स्वतंत्र धागा काढावा. मुलीचे शिक्षण बंद होते तेव्हा काय होते हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे आणि त्यावर वाचकांनी बोलावे. त्या धाग्यावर जो कोणी स्मृतिवचने आणील, त्याच्याकडून तिरकस यांना चहा आणि बिस्किटे देववावीत.

तिरकस

चालेल, पण यादी छापू नये.